संथ रस्त्यांचे शहर

पुण्यातल्या औंधच्या डीपी रस्त्यावरचा सायकल मार्ग हवा की नको, या वादात दोन्ही बाजू एकाच इतिहासाची साक्ष काढतात. हवा म्हणणारे सांगतात, की पुणे हे मुळात सायकलींचे शहर. ते वैभव परत आणायचे तर सायकलीला स्वतंत्र जागा दिलीच पाहिजे. नको म्हणणारेही तोच इतिहास पुढे करतात आणि त्यातून उलटा निष्कर्ष काढतात. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा वेगळा मार्ग कोणी मागितला नव्हता, पुढे लोकांनी सायकल आपणहून सोडली, मग आता रिकाम्या पट्ट्यासाठी रस्ता कशाला अरुंद करायचा, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही युक्तिवादांत सायकल हा पुणेकरांच्या आवडीनिवडीचा विषय ठरतो. पुराव्यांकडे नीट पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. सायकलींचे म्हणून ओळखले गेलेले पुणे खरे तर संथ रस्त्यांचे शहर होते. त्या संथपणात सायकलस्वाराची सुरक्षितता फुकट मिळत होती. फुकट मिळत असल्यामुळे तिची नोंद कोणी ठेवली नाही, आणि ती गेली तेव्हा काय गेले हेही कोणाच्या ध्यानात आले नाही. आजचा रहिवासी रस्त्याबद्दल जी तक्रार करतो तिचे मूळ या हानीत आहे. सायकल मार्गाचा वाद हे तिचे वरवर दिसणारे टोक.

सायकल महाराष्ट्रात आली ती चैनीची वस्तू म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती विलायतेहून यायची आणि साधा कारकून तिच्याकडे नुसता बघत राहायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाला, यावरून त्या काळी तिला किती प्रतिष्ठा होती हे कळते. पुढे किमती उतरल्या, रॅले, हंबर, हर्क्युलिस ही नावे घरोघरी पोचली, आणि स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत, लुधियाना इथल्या कारखान्यांतून देशी सायकली निघू लागल्या तेव्हा ती मध्यमवर्गाच्या आणि कामगारांच्या आवाक्यात आली. पुण्यात तिला जे उदंड गिऱ्हाईक मिळाले ते शहराच्या घडणीमुळे. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत दाट वस्ती, नदीपलीकडे फर्ग्युसनसारखी महाविद्यालये, एका बाजूला छावणी आणि खडकीचा दारूगोळा कारखाना. घरापासून कामापर्यंतची बहुतेक अंतरे पायी जायला जास्त आणि टांगा करायला कमी. सार्वजनिक बस तोकडी होती. आधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीच्या गाड्या धावत. १९५० साली महानगरपालिका स्थापन झाली आणि बससेवा तिच्याकडे आली. कारखान्याच्या पाळीची वेळ काही बसच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. कामगाराने सायकल घेतली ती निरुपाय म्हणून, हौस म्हणून नव्हे.

या सायकलराज्याला शिस्तही होती. सायकलीवर नगरपालिकेची पट्टी भरून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत, आणि डबलसीट जाणे हा गुन्हा असल्याने चौक जवळ आला की मागचा खाली उतरून पायी चौक ओलांडत असे. स्वतःची सायकल नसलेल्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. चित्रपटगृहे, मंडई, महाविद्यालये यांच्या दारात सायकलींचे तळ होते. या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती, ती म्हणजे सायकलीसाठी राखलेला मार्ग. तिची गरजच नव्हती, कारण टांगा, बैलगाडी, हातगाडी, पादचारी आणि मधूनच येणारी बस या सगळ्यांचा वेग एकमेकांच्या आसपासचा होता. अपघात होत नव्हते असे नाही. पडणे, धडकणे, टांग्याखाली येणे हे चालूच असे. तरीही दोन संथ वस्तूंच्या धडकेत बहुधा गुडघा फुटतो, जीव जात नाही. रस्त्याची सुरक्षितता रस्त्यावरच्या वेगातच सामावलेली होती. ती कोणी आखलेली वा बांधलेली नव्हती, म्हणून ती आपली मिळकत आहे असे कोणाला वाटलेही नाही.

ही सुरक्षितता टिकणार नाही, याची चाहूल देशातल्या रस्ता अभियंत्यांना मात्र वेळेवर लागली होती. भारतातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली, आणि तिनेच १९६२ साली सायकल मार्गांच्या आखणीचा संहिताग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला निकष आज वाचला तर चकित व्हायला होते. गर्दीच्या तासाला ४०० सायकली जात असतील आणि मोटार वाहने १०० ते २०० असतील, तर सायकलींना वेगळा मार्ग द्यावा; मोटार वाहने ताशी २०० च्या वर गेली, तर सायकली अवघ्या १०० असल्या तरी वेगळा मार्ग समर्थनीय ठरतो. म्हणजे सायकली किती यापेक्षा त्यांच्या शेजारून मोटारी किती जातात, याला या निकषात अधिक वजन आहे. मोटारी वाढल्या की मार्गाची गरज वाढते, सायकली कमी झाल्या तरीही. साठच्या दशकातल्या पुण्याच्या मुख्य रस्त्यांना या निकषात बसायला काही अडचण नसावी. नियम होता, सायकलीही होत्या. पण नियम पाळायचा तर रस्त्यावरच्या सायकली मोजाव्या लागतात, आणि पुढे बिल्ला बंद झाला तेव्हा सायकलींची होती नव्हती ती नोंदही संपली. मोटार वाहनांची नोंद परिवहन कार्यालयात दरवर्षी वाढत गेली, सायकल कोणत्याच वहीत राहिली नाही. जे मोजले जाते त्याच्यासाठी रस्ते रुंद होतात. जे मोजले जात नाही ते गेले तरी कळत नाही.

बदल घडवणारे यंत्र पुण्याच्या वेशीवरच तयार होत होते. बजाजने १९६० च्या सुमारास इटालियन व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवायला घेतली, आकुर्डीचा कारखाना उभा राहिला, आणि परवाना संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. त्याच साली पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिकची ‘लूना’ निघाली. लूनाला सायकलीसारखे पायडल होते. सायकलवाल्याला ती परकी वाटू नये, इतकी ती सायकलीच्या जवळची होती. परवाना राज्याच्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हा बदल आधी सावकाश झाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, १९९१ नंतर उत्पादनावरचे निर्बंध सुटले, कर्जे सोपी झाली, आणि मग लोंढा आला. शहरही याच काळात पसरले. कोथरूड, औंध, बाणेर इथे वस्ती वाढली, १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली, हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. घर आणि काम यांतले अंतर वाढले आणि बस त्या मानाने वाढली नाही. २०१८ मध्ये पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे गेला, म्हणजे शहराच्या अंदाजित लोकसंख्येच्याही वर. त्यांत दुचाकीच सुमारे २७ लाख होत्या. भंगारात गेलेली वाहने या आकड्यातून पुरती वजा होत नाहीत, हे धरूनही कल स्पष्ट आहे.

दुचाकीने पुणेकरांना, विशेषतः पुण्यातल्या मुलींना आणि नोकरदार बायकांना, मोठे स्वातंत्र्य दिले, हे मान्य न करता सायकलीचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. धुरळ्यातून, पावसातून, साडी सावरत सायकल मारणाऱ्या बाईला स्कूटर मिळाली तर तिने ती का घेऊ नये? सायकल सोडणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती आनंदाने सोडली. पण सर्वांनी नाही, आणि सोडण्याचा क्रम पाहिला की कारणही कळते. ज्यांच्याकडे पर्याय होता त्यांनी सायकल सोडली असे म्हणावे, तर ज्यांना वाहन चालवण्याचा परवानाच मिळत नाही त्या शाळकरी मुलांनी ती का सोडली? मुलांचे उत्पन्न वाढले नव्हते, शाळेचे अंतरही बहुतेकांचे आवाक्यातलेच होते. आईबापांनी त्यांना रस्त्यावर पाठवणे थांबवले, आणि शाळेच्या दारात रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या स्कूटरींची गर्दी झाली. ही गर्दी पाहून आणखी पालक घाबरले आणि तेही आपल्या मुलाला गाडीवर सोडू लागले. दुसऱ्या टोकाला सायकल ज्यांच्याजवळ उरली ते वृत्तपत्रवाले, दूधवाले, सुरक्षारक्षक, बांधकाम मजूर; म्हणजे ज्यांना धोका परवडत नाही पण टाळताही येत नाही असे लोक. आवडीने झालेला बदल असता तर त्याला असा आकार आला नसता. हा आकार भीतीचा आहे.

सायकल मार्ग पुण्यात गाजावाजाने आले ते नव्या शतकात, तेही दुसऱ्याच कामाच्या शेपटाला बांधून. २००५ च्या अखेरीस केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे सांगितले. त्याच वर्षाच्या शेवटी सातारा रस्त्यावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकेचा, प्रयोग झाला. अशा रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. कागदावर त्यांची लांबी भरपूर दिसली. प्रत्यक्षात पेव्हर ब्लॉकचा पट्टा, मध्येच झाड, मध्येच विजेचा खांब, पुढे बसथांबा, त्यापुढे टपरी, आणि चौक आला की मार्गच गायब. ‘परिसर’सारख्या संस्थांनी हे दोष वेळोवेळी दाखवून दिले. सायकलस्वाराला सर्वाधिक धोका चौकात असतो आणि नेमका तिथेच हा मार्ग त्याचा हात सोडून देत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा तो प्रकार. सायकलवाल्यांनी तो वापरला नाही यात नवल नाही. पण ‘मार्ग बांधला तरी कोणी सायकल चालवत नाही’ हा समज मात्र त्याच काळात रहिवाशांच्या मनात पक्का बसला, आणि पुढच्या प्रत्येक योजनेला तो आडवा आला.

औंधचा प्रयोग या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत २०१६ मध्ये पुण्याची निवड झाली, आणि औंध, बाणेर, बालेवाडी हा भाग नमुना म्हणून घेतला गेला. डीपी रस्ता आणि आयटीआय रस्ता नव्याने आखले गेले: रुंद पदपथ, बसायला जागा, सायकलींना पट्टा, आणि मोटारींसाठी उरलेला मार्ग आधीपेक्षा अरुंद. २०१७ च्या डिसेंबरात याच औंधमध्ये आणि विद्यापीठात भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याच महिन्यात महापालिकेच्या मुख्य सभेने ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल जाळ्याचा आराखडा मंजूर केला. या औंधमध्येच ब्रेमेन चौक आहे. ज्या जर्मन शहराशी असलेल्या पुण्याच्या मैत्रीची खूण म्हणून त्याला हे नाव मिळाले, तिथे चारांतला जवळपास एक प्रवास सायकलीवर होतो. म्हणजे कल्पना होती, नमुना होता, पैसाही होता. तरी औंधमधून विरोध उठला, आणि तो काही निव्वळ अडवणुकीचा नव्हता. रस्ता अरुंद झाल्याने कोंडी वाढते. दुकानांपुढची गाड्या लावायची जागा गेली. सायकल पट्टा बहुतेक वेळ रिकामा असतो. तो रिकामा नसतो तेव्हा त्यावर दुचाकी धावतात किंवा गाड्या उभ्या असतात. आणि आम्हाला नीट विचारलेच नाही. या पाचही आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. ते देताना लक्षात येते, की त्यांपैकी शेवटचे दोन आक्षेप पूर्ण खरे आहेत.

रिकाम्या पट्ट्याच्या आक्षेपापासून सुरुवात करू. हा आक्षेप नवा नाही आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात हेग आणि टिलबर्ग या शहरांत शासनाने एकेक उत्तम सायकल मार्ग प्रयोगादाखल बांधला. हेगमध्ये दुकानदारांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या, पण शहरातल्या एकूण सायकल प्रवासात फारशी भर पडली नाही. आधी शेजारच्या रस्त्यांनी जाणारेच इकडे वळले. त्यानंतर डेल्फ्ट शहरात सुटा मार्ग न बांधता सबंध गावभर जोडलेले जाळे विणले गेले, तेव्हा मात्र एकूण प्रवासातच सायकलीचा वाटा वाढला. निष्कर्ष सरळ आहे: प्रवास घरापासून शाळेपर्यंत किंवा मंडईपर्यंत असतो, दीड किलोमीटरच्या नमुना रस्त्यापुरता नसतो. वाटेतला सर्वांत धोक्याचा चौक जसा असेल तसा सबंध प्रवास ठरतो. औंधचा पट्टा गुळगुळीत असला, पण विद्यापीठ चौकात सायकलस्वाराला बस आणि डंपरच्या मध्ये जावे लागणार असेल, तर शहाणा माणूस घरूनच सायकल काढणार नाही. रिकामा पट्टा हा सायकलीला मागणी नसल्याचा पुरावा होत नाही. तो जाळे अपुरे असल्याचा पुरावा आहे.

रस्ता अरुंद केल्याने कोंडी होते, हा आक्षेप अधिक जोरकस आहे, आणि काही ठिकाणी तो खराही असू शकतो. पण त्यात गृहीत धरलेले आहे, की रस्त्याचे काम म्हणजे वाहने लवकर पुढे काढणे. ज्या रस्त्यावर दवाखाने, शाळा, भाजीची दुकाने आणि घरे आहेत त्याचे एवढेच काम असते का? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ती सुचवते. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत दुचाकीवरचे जवळपास ४४ टक्के आणि पादचारी १९ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे मरणाऱ्यांत बहुसंख्य कोण, तर सायकल मार्गाला विरोध करणारा स्कूटरवाला आणि रस्ता ओलांडणारे त्याचे आईवडील. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेट सक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा पुण्यात तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. ‘शहरात कुठे वेगाने गाडी चालवतो आम्ही’ हा विरोधकांचा ठरलेला मुद्दा होता. हेल्मेट घालायलाच हवे, पण या मुद्द्यात नकळत एक खोल गोष्ट बोलली गेली: शहरातला रस्ता संथ असावा हे पुणेकराच्या मनात आजही गृहीत आहे. मग त्या संथपणाची हमी देणारी आखणी आली की तिलाच कोंडी म्हणायचे, हे कसे?

दुकानदारांचा आक्षेप जागेचा आहे. गिऱ्हाईकाला गाडी लावता आली नाही तर ते पुढच्या दुकानात जाते, ही भीती खोटी नाही. पण दुकानासमोरची जागा दुकानदाराची नसते, गिऱ्हाईकाचीही नसते; ती सार्वजनिक असते, आणि ती फुकट वापरायला मिळते म्हणून सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. गिऱ्हाईकाची खरी अडचण ही की जागा आधीच कोणी तरी अडवलेली असते. महापालिकेने २०१८ मध्ये सशुल्क वाहनतळ धोरण मांडले. विरोधामुळे ते पाच रस्त्यांपुरते मंजूर झाले आणि पुढे तेवढेही अमलात आले नाही. पदपथ आणि सायकल पट्टा यांवर गाड्या चढतात त्याचे कारण इथे आहे. उभ्या गाडीला जागेचे मोल द्यावे लागत नाही, आणि चुकीच्या जागी उभी केली तर दंडाची खात्री नाही. पट्ट्यावर दुचाकी धावतात हा आक्षेप म्हणून शंभर टक्के खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय पट्टा उखडणे असेल, तर त्याच न्यायाने पदपथही उखडावे लागतील. आणि गिऱ्हाईक जाईल ही भीती वाटत असेल, तर जंगली महाराज रस्त्याचे रुंद झालेले पदपथ पाहा. तिथे फिरायला, बसायला, खरेदीला लोक येतात.

या पाचांखेरीज आणखी एक आक्षेप ऐकू येतो, तो काळाचा. शहर मोठे झाले, अंतरे वाढली, चढ आहेत, पाऊस आहे, ऊन आहे. आता सायकल हे व्यायामाचे साधन, वाहतुकीचे नव्हे. अंतराचा मुद्दा निम्मा मान्य करायला हवा. धायरीहून हिंजवडीला सायकलने जावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्यासाठी बस आणि मेट्रोच हवी. पण घरातून निघणारी प्रत्येक फेरी हिंजवडीची नसते. शाळा, क्लास, दूध, भाजी, बँक, मेट्रो स्थानक या फेऱ्या वस्तीतल्या वस्तीत होतात, आणि वस्तीतल्या कोंडीत त्यांचाच हात मोठा असतो. चढ, ऊन आणि पाऊस हे तर सायकलींच्या सुवर्णकाळातही होते. पर्वतीचा उतार किंवा श्रावणातली भुरभुर १९९१ नंतर सुरू झालेली नाही. गिअरच्या सायकली मात्र इथे सर्रास दिसू लागल्या त्या नंतर. काही अनुभवी सायकलस्वारांचा उलट आक्षेपही ऐकायला मिळतो: वेगळा मार्ग दिला की आम्हाला मुख्य रस्त्यावरून हाकलले जाईल. हीच भीती १९३४ साली लंडनजवळ वेस्टर्न अव्हेन्यूवर ब्रिटनमधला पहिला सायकल मार्ग उघडला तेव्हा तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने बोलून दाखवली होती. ती अगदीच निराधार नाही, म्हणून मार्ग हा हक्क असावा, सक्ती नसावी. पण धडधाकट तरुणाला जो रस्ता झेपतो तो दहा वर्षांच्या मुलीला झेपतोच असे नाही, आणि शहराने रस्ता तिच्या मापाने आखला पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न. न वापरल्या जाणाऱ्या मार्गांवर करदात्यांचा पैसा गेला, ही तक्रार योग्य आहे. पण अपव्ययाचे माप सगळ्यांना सारखे लावावे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २००६ च्या सुमारास झाले आणि मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडले गेले; कोंडी फोडण्यासाठी बांधलेले पूल जेमतेम दीड दशकात अडचण ठरले. त्यावरून कोणी असे म्हटले नाही, की मोटारींसाठी आता काहीच बांधू नये. चूक आखणीची होती, मोटारीची नव्हे, असेच सर्वांनी मानले. तुटक, खांबांनी अडलेल्या सायकल मार्गाबद्दल मात्र दोष सायकलीच्या माथी मारला जातो. दोन्हीकडे चूक आखणीचीच आहे. फरक एवढाच, की मोटारीसाठी पुन्हा प्रयत्न करायला शहर नेहमी तयार असते.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा: आम्हाला विचारले नाही. सायकलींचा देश म्हणून ज्याचे उदाहरण दिले जाते त्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तिथला बदल अभियंत्यांच्या टेबलावर सुरू झाला नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या डे पाइप या कामगारांच्या दाट वस्तीत १९७२ साली शाळकरी मुलांनी आपली गल्ली खेळण्यासाठी मोटारींना बंद व्हावी म्हणून सह्या गोळा केल्या, रस्ता अडवला, चिडलेल्या मोटारवाल्यांशी हुज्जत घातली. त्याच सुमारास ‘बालहत्या थांबवा’ अशा थेट नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. त्यांची पहिली मागणी रस्त्यावर आमची मुले मरता कामा नयेत, ही होती. सायकल मार्ग त्या मागणीचे एक उत्तर म्हणून आले, वस्तीतल्या गल्ल्यांतला वेग कमी करणारी आखणी हे दुसरे. पुण्यात हा क्रम उलटा झाला. उत्तर आधी बांधले गेले, तेही योजनेतला निधी ठरलेल्या मुदतीत खर्ची पडावा म्हणून, आणि ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते तो रहिवाशांपुढे कधी मांडलाच गेला नाही. ‘तुम्हाला सायकल मार्ग हवा का’ असे विचारले तर औंधचा काय, कोणत्याही वस्तीचा स्कूटरवाला नाहीच म्हणेल. ‘तुमची मुलगी एकटी शाळेत जाऊ शकली पाहिजे का, तुमच्या वडिलांना दुकानापर्यंत न घाबरता चालता आले पाहिजे का’ असे विचारले तर नाही म्हणणारा शोधावा लागेल.

म्हणून सायकल मार्गाचा आग्रह धरणाऱ्यांनी सायकलीपासून सुरुवात करणे सोडले पाहिजे. आधी वस्तीतल्या रस्त्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागावी, आणि ती नुसत्या फलकावर न राहता चौकांच्या वळणांत, उंच केलेल्या ओलांडणीत आणि मार्गाच्या रुंदीतच बांधलेली असावी. अशा गल्ल्यांत वेगळ्या सायकल मार्गाची गरजच उरत नाही. जिथे मोटारींचा वेग आणि संख्या कमी करणे शक्य नाही त्या मोठ्या रस्त्यांवर वेगळा मार्ग हवा, आणि तो चौकातून पार जाणारा, जोडलेला हवा. पदपथावर आणि सायकलीवर किती माणसे जातात याची गणती वाहनांच्या गणतीइतक्याच नियमाने झाली पाहिजे. आणि रस्ता फोडण्याआधी, निविदा निघण्याआधी, त्याच रस्त्यावर राहणाऱ्यांबरोबर बसून मुलांची आणि म्हाताऱ्यांची रोजची वाट कुठे अडते ते नकाशावर आखले पाहिजे. विरोध तेव्हाही होईल. पण तो कोणाच्या मुलाला कोणत्या चौकात धोका आहे या प्रश्नावर होईल, आणि त्या वादात रहिवासी व सायकलस्वार समोरासमोर उभे न राहता एका बाजूला येतील. जुन्या पुण्याला संथ रस्ते आपोआप लाभले होते. आजच्या पुण्याला ते ठरवून, मागून आणि बांधूनच मिळवावे लागतील, आणि ते मागण्याचा पहिला अधिकार त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचा आहे.